बिनआवाजाची खुर्ची

४ मार्च

ताई,

बाबांच्या नव्या खुर्चीत मी वायसर घातलाय. घालायला नको होता. पण घातला, आणि आज इतका हसलोय की बरगड्या दुखताहेत. घरात हे सांगावं असं कुणी नाही म्हणून तुला लिहितोय. तू गेल्यापासून तुझी एक ओळ नाही. बाबांशी अबोला धरलास, ठीक आहे. मी तुझं काय घोडं मारलं होतं? असो. वाच तर खरी. हसू आलं तर तिकडे एकटीच हस, मला कळवू नकोस.

नीट सांगतो. बाबांच्या जुन्या खुर्चीची बैठक मागच्या बाजूने पार खचली होती. चेलो घेऊन बसले की बाबा मागे कलंडायचे, चेलो पुढे कलंडायचा आणि मधे आई उगाच शिव्या खायची. शेवटी म्हणाले, नवी खुर्ची घेऊ. मला बरोबर नेलं. मी खुर्च्यांच्या कारखान्यात आहे म्हणून नाही हं. चेलो उचलायला.

अख्ख्या बाजारातल्या दुकानांत त्यांनी तमाशा केला. प्रत्येक खुर्चीवर बसायचे, चेलो गुडघ्यांत धरायचे, दोनदा पुढेमागे झुलायचे आणि कान टवकारायचे. एक सेल्समन म्हणाला, "काका, ही घ्या. बसल्या बसल्या झोप लागते."

"मग तुमच्या मालकांना द्या. मला जागं राहायचंय."

"पाठ बघा ना, किती मऊ."

"पाठ माझी मी घेऊन आलोय. बैठक दाखवा."

बैठक मागे उतरती नको, पोट दाबलं जातं. खुर्चीला हात नकोत, कोपर आपटतं. पुढची कड मांडीत रुतायला नको. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकायला हवेत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे खुर्चीने तोंड बंद ठेवायला हवं. एका दुकानातली बाई मला बाजूला घेऊन विचारते, "तुमचे वडील डॉक्टर आहेत का? खुर्च्यांच्या छात्या तपासतायत म्हणून विचारलं."

कुठलीच पसंत पडली नाही. मग आले आमच्याच कारखान्यात. मिस्त्रींनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, लाकूड दाखवलं, सांधे खिळ्याशिवाय कसे बसवतात ते सांगितलं. बाबा खूश. मग म्हणाले, "गादीकाम कोण करतं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा? याचा हात माझ्या खुर्चीला लागता कामा नये. याच्या डोक्यात जो काथ्या भरलाय तोच हा बैठकीत भरेल."

सगळा कारखाना हसला, ताई. मिस्त्रीसुद्धा मिशीत हसले. त्या दिवसापासून माझं नाव काथ्या. परवा तर चहावाल्याने हाक मारली, "काथ्या, कप दे रे परत." त्या चहावाल्याला मी ओळखतसुद्धा नाही नीट.

तर खुर्ची झाली. खोटं का बोलू, देखणी झाली. वर दोन माणसं चढवून नाचवली तरी चूं करणार नाही अशी. बाबा तिला बिनआवाजाची खुर्ची म्हणतात. आल्यागेलेल्याला बसवून, हलवून दाखवतात. "ऐका," म्हणतात. तो बिचारा ऐकतो. "काय ऐकू आलं?" "काही नाही." "तेच!"

मग काय. बाबा नाट्यगृहात वाद्यवृंदाच्या तालमीला गेले आणि मी खुर्ची उलटी केली. बैठकीच्या पोटाला काळं कापड असतं ना, धूळ जाऊ नये म्हणून, त्याची एक बाजू उसवली. आत एक बारीक खिळा मारला, त्यावर वायसर सैल ओवला. लाकडाला जेमतेम टेकेल असा. पहिला वायसर मोठा होता, सगळ्याच सुरांना वाजायला लागला. असा लगेच सापडतो. दुसरा अगदीच फुसका. तिसरा आपल्या मोडक्या सायकलचा. तो फक्त एकाच सुराला बोलतो. कुठल्या सांगू? जाड तारेवरच्या, तू मला शिकवलेल्या. आपण त्याला बोटीचा भोंगा म्हणायचो. मला तेवढा एकच वाजवता येतो, म्हणून तेवढ्यावरच बसवता आला.

संध्याकाळी बाबा बसले. वाजवत वाजवत भोंग्यावर आले आणि झर्रर्र! काचेच्या भांड्यात माशी अडकावी तसं. थांबले. परत वाजवला. झर्रर्र. तोंड असं झालं, जसं कुणी भर सभेत त्यांची चड्डी ओढली.

पाकीट मिळालं की टाकतो हे.

११ मार्च

पाकीट मिळालं नाही. म्हणजे शोधलं नाही. बरंच झालं, पुढचं ऐक.

बाबा झर्रर्र शोधतायत. आधी भिंतीवरची चित्रं उतरवली. मग घड्याळ बंद. मग खिडकीच्या काचांना चिकटपट्ट्या. मग आईच्या कपबशांचं कपाट रिकामं करून सगळं अंथरुणावर मांडलं. आई म्हणाली, "मी झोपू कुठे? बशीत?" तर म्हणाले, "कानातलं काढ."

"अहो, मी स्वयंपाकघरात आहे!"

"धातू आहे ना? काढ."

आईने कानातलं काढून त्यांच्या हातात दिलं, म्हणाली, "दात पण काढू का? एकात चांदी भरलीये." मी मोरीत जाऊन नळ सोडून हसलो.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांचा रेडिओ बंद करायला लावला. आजोबा म्हणाले, तो गेल्या वर्षीच बिघडलाय. बाबा म्हणाले, तरी पण काढा प्लग.

खुर्चीवर मात्र त्यांचा संशय जात नाही. आईने एकदा विचारलं, "खुर्चीचं नसेल ना?" तर असे बघायला लागले, जसं तिने त्यांच्या आईला शिवी दिली. म्हणाले, "या घरात बोलावल्याशिवाय न बोलणारी ही एकच वस्तू आहे. तिला मधे आणू नकोस."

आणि मग कहर. काल मला बोलावलं. "इकडे ये. तुझे कान कोवळे आहेत. मी वाजवतो, तू रांगत शोध." मी रांगलो. कपाटाखाली, पलंगाखाली, मग थेट खुर्चीखाली. ते वर भोंगा वाजवतायत आणि मी खाली त्या काळ्या कापडाला कान लावून. बोट ठेवलं की वायसर गप्प. उचललं की झर्रर्र. ठेवलं, गप्प. उचललं, झर्रर्र. वरून बाबा विचारतात, "तिथे काही?"

"काही नाही, बाबा. इथे अगदी शांत आहे."

"असणारच," म्हणाले.

खरं सांगतो, त्या वेळी मला एकदा वाटलं, काढून टाकावा. हात तिथेच होता. उसवलेलं कापड आणि दोन बोटं, एवढंच काम. पण तेवढ्यात म्हणाले, "ऊठ काथ्या, तुझ्याने व्हायचं नाही." कारखान्यातलं नाव घरातही आलं. मग राहू दिला.

२३ मार्च

ताई, आता थोडं गंभीर झालंय. म्हणजे मजा आहे, पण थोडं गंभीर.

बाबांचं ठरलं की दोष वाद्यातच आहे. तालमीत ऐकू येत नाही, पण तिथल्या गोंगाटात येणार कसं, म्हणतात. आपल्या आजोबांचा चेलो, एवढी वर्षं झाली, कुठेतरी सांधा सुटला असणार. मी आणि ते डिंक्याकडे गेलो. अगं तोच, वाद्यं दुरुस्त करणारा, आपण ज्याला डिंक्या म्हणायचो, ज्याच्या मिशीचे केस कायम एकमेकांना चिकटलेले असतात. त्याच्याकडे लाकडी स्टूल आहे. त्यावर बसून बाबांनी वाजवलं. काही नाही. साफ आवाज. कसा येणार? वायसर घरी.

डिंक्याने बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक केलं, कान लावला, आरशाचा तुकडा आत घालून बघितलं. त्याला काही सापडलं नाही हे मला दिसत होतं. पण बाबा समोर उभे. शहरातला मोठा वाजवणारा. त्यांना कोण म्हणणार की साहेब, तुम्हाला भास होतोय? डिंक्या म्हणाला, "हां, आहे. इथे, कमरेपाशी. घरच्या हवेत सुटतं, इथे ओल आहे म्हणून बसलंय."

मला टाळी द्यावीशी वाटली. माझ्यापेक्षा मोठा थापाड्या.

पातळ सुरी तापवून सांध्यात घातली आणि चेलोचं पोट उघडायला लागला. तू ऐकलायस तो आवाज? वाळलेला डिंक सुटताना होतो तो? बाबांनी तोंड फिरवलं. दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी बघत राहिलो.

परत चिकटवून घरी आणला. बिनआवाजाच्या खुर्चीवर बसले. भोंगा. झर्रर्र.

या वेळी मी हसलो नाही. थोडासाच हसलो.

आणि दुसरी गोष्ट. आज मिस्त्रींनी मला बोलावलं आणि एक सांगाडा पुढे ठेवला. तसलीच खुर्ची, तेच लाकूड, पण ठेंगणी, बैठक अरुंद. आणि पुढे डाव्या बाजूला पाय ठेवायला एक फळी. मी म्हटलं, ही कुणाची?

"तुझ्या वडिलांनी दोन सांगितल्या होत्या. एक लगेच, एक सावकाश. ही सावकाशची."

"आणि ही फळी?"

"ते दुसऱ्याच दिवशी, तू जेवायला गेला होतास तेव्हा, एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले होते. टेबलावर ठेवला, म्हणाले, एवढी जाडी."

शब्दकोश, ताई. तू डाव्या पायाखाली घ्यायचीस तोच, तुझा डावा पाय आखूड म्हणून. तू गेल्यावर मी तो रद्दीत घालणार होतो, तर बाबांनी हातातून काढून घेतला होता. मला वाटलं, शब्द बघायला.

"आणि म्हणाले," मिस्त्री म्हणाले, "हिची गादी धाकट्यालाच करू दे. तिला कशी लागते ते त्याला माहितीये. पण घरी बोलू नकोस. झाली की ते स्वतः जाऊन तिला आणणार आहेत. चेलोसुद्धा तिलाच द्यायचाय म्हणतात. म्हणाले, मी आता काय, दोनचार वर्षं वाजवणार."

मी अर्धा दिवस काही केलं नाही. नुसता काथ्या पिंजत बसलो.

आज घरी जाऊन वायसर काढायचा. नक्की.

२ एप्रिल

काढला नाही. थांब, शिव्या नंतर दे.

बाबा खुर्ची सोडेनात. दिवसभर त्यावर बसून चेलोच्या पोटाला कान लावतात. आणि तालमीला जायचंही बंद केलं, म्हणाले, हे वाद्य घेऊन चारचौघांत बसू शकत नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी बसतोय. मग एकदा सांजवेळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी खुर्ची उलटी केली, कापडाला हात घातला, आणि आई आली. म्हणाली, "काय करतोयस?" म्हटलं, "पुसतोय." म्हणाली, "शहाणा रे माझा बाळ." आणि तिथेच भाजी निवडत बसली. झालं.

दुसऱ्या दिवशी बाबा परत डिंक्याकडे. मी होतोच, हमाल. डिंक्याने परत सुरी घातली. या वेळी त्याचा हात घाईत होता. बाबा सारखे "सापडलं का, सापडलं का" करत होते. आणि कर्रर्र असा आवाज झाला. वायसरचा नाही. खरा. पोटाच्या पाटीला वरपासून मधल्या नक्षीदार भोकापर्यंत चीर.

डिंक्याच्या कपाळावर घाम. बाबा म्हणाले, "हे काय?"

डिंक्याने चिरेवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "हे जुनं आहे, साहेब. आतून होतं, आता वर आलं. कधीतरी आपटलंय जोरात. तोच तुमचा आवाज."

मी बघितलं होतं, ताई. सुरी घालताना फुटलं. मी त्याच्या कोपराला लागून उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही कळलं की दुसरा बोलणार नाही. त्याला वायसरचं माहीत नाही, पण चोराला चोर कसा दिसतो ते माहितीये.

रस्ताभर बाबा एकच म्हणत होते. "माझ्याकडून कधी आपटला नाही. माझ्याकडून कधीच नाही."

पुढचं तुला माहितीये, फोन तूच उचललास. पण या टोकाला काय होतं ते सांगतो. मी दाराच्या मागे शेंगदाणे खात होतो. बाबा उभे राहून बोलत होते. तुझा नंबर त्यांना पाठ आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मी बोलतोय," म्हणाले. मग, "चेलो फुटलाय. तू कधी आपटला होतास?"

मला वाटलं, आता ही 'नाही' म्हणणार आणि फोन आपटणार. तसं झालं असतं तर सगळं जागेवर राहिलं असतं. पण तू काय बोललीस?

"जिन्यात?" बाबा म्हणाले. "कुठे जिन्यात? वळणावर?"

वळणावर. मला आठवतं ना. तू चेलो घेऊन निघाली होतीस, बाबांनी वळणावर येऊन चेलोच्या पेटीला हात घातला, "हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे हे वाजणार नाही" म्हणाले, तू ओढलीस, त्यांनी ओढली, आणि पेटी कठड्यावर आदळली. दोघांनी धरली होती, ताई! दोघांनी! पेटीला ओरखडासुद्धा आला नव्हता. आणि तू म्हणालीस वाटतं, माझ्या हातून?

बाबा म्हणाले, "आणि इतके दिवस सांगितलं नाहीस." मग, "रडू नकोस." मग, "नाही. यायची गरज नाही." आणि फोन ठेवला.

माझ्या तोंडात शेंगदाणे होते. चावत राहिलो. बोलायला तोंड रिकामं नव्हतं, असं समज.

९ एप्रिल

हे शेवटचं. पाकीट आणलंय, समोर आहे.

बाबांनी मिस्त्रींना निरोप धाडला की ती दुसरी खुर्ची नको. मिस्त्रींनी विचारलं, "मग काय करू? पायाखाली फळी असलेली खुर्ची कोण घेणार?" बाबांचा निरोप आला, मोडा, लाकूड चांगलं आहे, दुसरं काहीतरी होईल. मिस्त्रींनी मला सांगितलं, "तूच केलीस, तूच उसव." तोपर्यंत गादी झाली होती. एकट्याने केलेली माझी पहिली. खाली पट्टे ताणून बसवले होते, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, पुढची कड गोल केली होती, तुझ्या मांडीत रुतू नये म्हणून. त्यात काही घातलं नव्हतं, शपथ. एक टाचणीसुद्धा नाही. सगळं उसवलं. फळी तेवढी मिस्त्रींनी दाराला अडकण म्हणून ठेवलीये. रोज पायाने सरकवतो.

वायसर काढला. आई बाजारात गेली होती, बाबा झोपले होते. दोन मिनिटं लागली असतील. आधीही दोनच लागली असती.

मग संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, बघा ना वाजवून." डिंक्याने चीर भरून, चिकटवून दिलाय चेलो. बसले. भोंगा वाजवला. झर्रर्र नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता खुलेल, आता खुलेल. त्यांनी परत वाजवला. आणि परत. ताई, मला सुरातलं कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. आवाज रजईत गुंडाळल्यासारखा. भोंगाच नाही तो. बोट बुडल्यावर पाण्याखालून यावा तसा.

"गेला तो आवाज," बाबा म्हणाले. "आता काहीच उरलं नाही." आणि चेलो पेटीत घातला. कुलूप लावलं.

आता खुर्चीवर नुसते बसतात. पाठ ताठ, दोन्ही तळवे सपाट, मांडीवर हात. आई म्हणते, आरामाची तरी घेऊ आता एखादी. ते म्हणतात, हीच बरी, आवाज करत नाही.

आणि माझ्याशी बरे वागतात. हे तुला सांगायलाच हवं, कारण सगळं इथेच अडलंय. काल मला जवळ बोलावलं, काथ्या नाही, बाळा म्हणाले. म्हणाले, "तू टवाळ आहेस, वाया गेलेला आहेस, पण जे आहेस ते तोंडावर. तिच्यासारखं लपवून ठेवणं तुझ्यात नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड आहे गं त्यांचा हात. मला माहीत नव्हतं. त्यांनी तो तसाच बराच वेळ ठेवला आणि मी हललो नाही.

तर ताई. तू फोडलेला नाहीस चेलो. एवढं तुला कळावं म्हणून हे टाकतोय. जिन्यात काही झालं नव्हतं. डिंक्याच्या सुरीने झालं, आणि सुरी माझ्यामुळे. रडत असशील तर थांब.

पण हे तुझ्यापुरतं ठेव. मला माहितीये मी काय मागतोय. पण विचार कर, तू लांब आहेस. तुला त्यांच्यासमोर जेवायला बसावं लागत नाही. ते माझ्याकडे आता कुठे बघायला लागलेत, तुझ्याकडे आयुष्यभर बघितलंय. थोडं मला पण राहू दे. चेलो आता तसाही वाजणार नाही. खुर्ची मोडली. तू खरं सांगितलंस तर परत काय मिळणार आहे? आणि सांगितलंस तरी, तूच कबूल केलंयस, तुझ्याच तोंडाने. मी नाही म्हणेन. म्हणेन, ताई मला अडकवतेय. ते माझं ऐकतील. असं मला म्हणायला लावू नकोस ना.

वायसर पाठवतोय. घरात ठेवायची भीती वाटते आणि फेकवत नाही. कागदाला डिंकाने चिकटवलाय, पाकिटात वाजू नये म्हणून. तू फेकून दे.

आईला सांगू नकोस. मिस्त्रींना नको, डिंक्याला नको. बाबांना तर नकोच, त्यांनी परत फोन केला तरी नको, ते रडले तरी नको. हात जोडतो, ताई, पाया पडतो, तुझ्या त्या डाव्या पायाच्या पण पडतो. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.